काळ्या पाषाणाचे वय

देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवताच पायांस जो थंडावा लागतो, तो आमच्याकडे बहुधा काळ्या पाषाणाचा असतो. वेरूळचे कैलास लेणे ह्याच पाषाणात कोरलेले आहे. शके ९८२ चा शिलालेख बाळगणारे अंबरनाथचे शिवालय, सिन्नरचे गोंदेश्वर, पेशवाईत उभे राहिलेले त्र्यंबकेश्वराचे देवालय, ही सारी ह्याच पाषाणाची लेकरे. गोमंतकात जांभ्याचे राज्य. पण तेथेही तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेवाचे देवालय काळ्या पाषाणाचेच आहे. बेळगावच्या बाजूचे डोंगर घ्या, अथवा इंदूरभोवतालचे माळव्याचे पठार घ्या. पायांखाली बहुतेक हाच कातळ. पाटा-वरवंटा त्याचा, जात्याची तळी त्याची, तुळशीवृंदावनाचा चौथराही त्याचाच.

देवळाचे वय शिलालेखावरून काढता येते, ताम्रपटावरून काढता येते, शिल्पाच्या घडणीवरूनही अदमासता येते. पण ज्या पाषाणाचे देऊळ घडले, त्या पाषाणाचे वय कशावरून काढावे? प्रश्न साधा दिसतो. तथापि त्यावर शंभराहून अधिक वर्षे थोरथोर विद्वानांत वाद चालला होता. ह्या वादात अनेक प्रकारचे साक्षीदार आले आणि गेले. परंतु ज्यांच्या साक्षीने प्रश्नाची गाठ सुटू लागली, त्यांत मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असे सागरातले जीव अग्रभागी होते. त्या वादाची आणि त्या साक्षीदारांची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी, असा आमचा मानस आहे.

प्रथम पाषाणाची ओळख करून घेऊ. शास्त्रज्ञ ह्याला बेसाल्ट म्हणतात. भूपृष्ठाला भेगा पडून आतला तप्त रस बाहेर लोटला, दूरवर पसरला आणि थिजला. त्यावर काही काळाने दुसरा लोट आला, तोही थिजला. असे थरावर थर चढत गेले. आज ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहेत, आणि पश्चिम घाटात त्यांची एकंदर जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. घाटातून जाताना समोरच्या डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या ह्याच थरांच्या. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे, त्यावरूनच ‘ट्रॅप’ ही संज्ञा निघाली. आणि मुंबई इलाख्यात नोकरीस असलेल्या साइक्स ह्या लष्करी अधिकाऱ्याने १८३३ साली ‘दख्खन ट्रॅप’ हे नाव रूढ केले.

आता अडचण अशी की, खडकाचे वय सांगण्याचा त्या काळचा मुख्य मार्ग म्हणजे खडकात सापडणारे जीवाश्म. उकळत्या रसात जीव कसा राहणार आणि त्याचा अवशेष कसा टिकणार? म्हणून बेसाल्ट स्वतः मुका. पण दोन लोटांच्या मधे कधीकधी हजारो वर्षांची शांतता असे. त्या शांततेत थिजलेल्या खडकावर तळी साचत, झाडे उगवत, गोगलगायी आणि शिंपले नांदत. मग पुढचा लोट येई आणि तो सारा संसार जसाच्या तसा झाकून टाकी. दोन काळ्या थरांमधला हा चिखलाचा वा चुनखडीचा पातळ पट्टा म्हणजेच ह्या ग्रंथातली लिहिलेली पाने होत. बाकीचा ग्रंथ कोराच.

ही पाने वाचण्याचा पहिला मोठा उद्योग नागपुरास झाला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी तेथे राहत असे. धर्मप्रचार हा त्याचा व्यवसाय, पण दगड आणि जीवाश्म ही त्याची हौस. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतून आणि इतरत्र त्याने शंख-शिंपले, वनस्पतींचे अवशेष गोळा केले. दूर गोदावरीकाठी राजमहेंद्री येथेही काळ्या थरांमधे सागरी शिंपले सापडतात, हे त्यास कळले होते. १८६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने हे थर तृतीय कल्पातले, म्हणजे डायनोसॉरांच्या युगानंतरचे, असे मत मांडले. १८६३ साली ह्या अभ्यासू गृहस्थास पाण्यात बुडून मृत्यू आला.

हिस्लॉपचे मत सर्वांस पटले नाही. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षण ह्या सरकारी खात्यातले ब्लॅनफर्ड ह्यांनी निराळा विचार केला. नर्मदेच्या खोऱ्यात बाघ येथे काळ्या थरांच्या खाली क्रिटेशस युगातले सागरी खडक आहेत. उलट सुरत-भडोचच्या बाजूस काळ्या थरांच्या वर जो चुनखडक आहे, त्यात न्युम्युलाइट नावाचे नाण्यासारखे चपटे, वाटोळे जीवाश्म विपुल आढळतात; तो खडक निश्चितपणे नंतरच्या इओसीन काळचा. तेव्हा काळा पाषाण ह्या दोहोंच्या मधला. पुढे १८७९ साली मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड ह्यांचा भारताच्या भूविज्ञानावरचा जो प्रमाणग्रंथ निघाला, त्यामुळे हा पाषाण क्रिटेशस युगाच्या अखेरीचा, म्हणजे डायनोसॉर अजून जिवंत असतानाचा, हे मत बळावले.

ह्यानंतर वादात उतरले ते आमच्याच देशातले एक थोर वनस्पतिशास्त्रज्ञ, बिरबल साहनी. १९३४ साली त्यांनी हा प्रश्न पुन्हा धसास लावला. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव-कलां आणि नागपूर-छिंदवाड्याचा परिसर येथे काळ्या थरांमधून जी गारगोट झालेली लाकडे, फळे, पाने मिळाली, त्यांत ताडकुळातील झाडांची रेलचेल होती. इतके ताड तृतीय कल्पाच्या आधी असणे त्यांना संभवनीय वाटेना. मोहगाव-कलां येथे निपा नावाच्या ताडाचे फळही मिळाले. निपा हे खाडीच्या मचूळ पाण्यात वाढणारे झाड. ते मध्य भारतात कसे आले, हे एक कोडेच होते. साहनींचा कौल हिस्लॉपच्या बाजूने पडला. लखनौ येथे त्यांनी जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासासाठी संस्था काढली; १९४९ च्या एप्रिलमध्ये तिच्या इमारतीची कोनशिला बसली आणि त्यानंतर आठवड्याच्या आतच साहनी निवर्तले. वाद मात्र तसाच राहिला.

वाद तुटत का नव्हता? आमच्या मते त्याचे कारण साक्षीदारांच्या स्वभावात आहे. तळ्यातली गोगलगाय त्या तळ्यापुरती. रानातला ताड त्या रानापुरता. नागपूरच्या तळ्यातील शिंपला आणि फ्रान्समधल्या तळ्यातील शिंपला ह्यांची गाठ पडण्याचा संभव नाही; मग दोघे एकाच काळचे की नव्हेत, हे ठरवावे कसे? साक्षीदार असा हवा की, जो एकाच वेळी जगभर नांदला, थोडा काळ जगला, मग नाहीसा झाला आणि जाताना सर्वत्र आपली खूण ठेवून गेला. असा साक्षीदार जमिनीवर मिळत नाही. तो समुद्रात मिळतो.

समुद्राच्या वरच्या पाण्यात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव तरंगत असतात. डोळ्यांस ते दिसतील न दिसतील असे. पण प्रत्येक जण आपल्यापुरते चुन्याचे घर बांधतो. त्या घराला एकापुढे एक खोल्या असतात, भिंतींना बारीक छिद्रे असतात, आणि प्रत्येक जातीची बांधणी निराळी. जीव मेला की घर तळाशी जाऊन बसते. मूठभर सागरी गाळात अशी हजारो घरे असू शकतात. १८२६ साली फ्रान्समधील दॉर्बिन्यी ह्याने ह्या वर्गाला नाव दिले, तेव्हा त्याला हे माकूळ-कुळातले चिमुकले प्राणी वाटले होते. हे एकाच पेशीचे जीव आहेत, हे द्युजार्दँ ह्याने १८३५ साली दाखविले.

प्रारंभी ही केवळ हौसेची बाब होती. तिचा व्यवहारात उपयोग दाखविला तो तेलविहिरींनी. विहीर खोदताना वर येतो तो खडकाचा चुरा. त्यात मोठा शिंपला असलाच तर त्याचाही चुरा झालेला. पण हे जीव इतके लहान की, खोदणाऱ्या पात्याखालूनही ते अखंड सुटतात. अमेरिकेत टेक्सासच्या तेलकंपन्यांत काम करणाऱ्या तीन स्त्रिया, एस्थर ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर, ह्यांनी १९२५ साली ह्या सूक्ष्म कवचांवरून एका विहिरीतला थर दुसऱ्या विहिरीतल्या थराशी कसा जुळवावा, हे साधार मांडले. त्याआधी ह्या कल्पनेची थट्टा करणारे विद्वान कमी नव्हते. पण तेल लागू लागले तशी थट्टा थांबली. खडक भिजवावा, धुवावा, बारीक चाळणीने चाळावा आणि राहिलेला कण-कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडावा. तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीचा धीर ज्याच्या अंगी आहे, त्यालाच ही विद्या वश होते.

आता आपण थोडा वेळ इटलीस जाऊ. कारण आमच्या पाषाणाच्या वयाची गुरुकिल्ली तेथे सापडली. गुब्बिओ नावाच्या जुन्या गावाजवळ डोंगरात गुलाबी-पांढऱ्या चुनखडकाचे थर आहेत. हा एके काळचा समुद्रतळ. लुटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्वा ह्या अभ्यासकांनी १९६४ च्या सुमारास तेथील फोरॅमिनिफेरांची क्रमवार नोंद प्रसिद्ध केली. खालच्या थरांत मोठाली, कंगोरेदार, नक्षीची कवचे. मग सुमारे बोटभर जाडीचीही नव्हे अशी एक मातीची रेघ. आणि तिच्या वर ती सारी नक्षीदार मंडळी एकाएकी नाहीशी! त्यांच्या जागी अगदी चिमुकली, साधी कवचे. त्यांतल्या एका जातीस गावाच्या जुन्या लॅटिन नावावरून ‘युगुबिना’ हे नाव मिळाले. ही जात त्या रेघेनंतर लवकरच अवतरली आणि दोन-तीन लाख वर्षांत लोपली. भूविज्ञानाच्या हिशेबात इतका काळ म्हणजे पापणी लवण्याइतका. तेव्हा ज्या खडकात युगुबिना मिळाली, तो खडक जगात कोठेही असो, त्याची जन्मवेळ त्या एका अल्पशा घटकेतलीच होय.

ती रेघ म्हणजे क्रिटेशस युगाचा शेवट. तिचे वय आज ६ कोटी ६० लाख वर्षे धरतात. तिच्या खाली डायनोसॉर आहेत. तिच्या वर, पक्ष्यांचे कूळ वगळता, नाहीत. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ ह्या पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुब्बिओच्या ह्याच मातीत इरिडियम हा दुर्मिळ धातू अवाजवी प्रमाणात असल्याचे दाखविले आणि आकाशातून मोठा अशनी आदळल्यामुळे हा प्रलय झाला, असे अनुमान काढले. १९९१ साली मेक्सिकोतील चिकशुलूब येथे त्या आघाताचे प्रचंड विवर ओळखले गेले. पण दुसरा एक पक्ष म्हणू लागला, की एवढ्यावर निकाल देऊ नका. भारतात त्याच सुमारास लक्षावधी घनकिलोमीटर तप्त रस आणि त्याबरोबर विषारी वायू बाहेर पडत होते, त्यांचा वाटा किती? अशा रीतीने आमच्या घरचा साधा प्रश्न साऱ्या जगाचा प्रश्न झाला. काळ्या पाषाणाचे वय लाख-दोन लाख वर्षांपर्यंत नेमके सांगता आल्याशिवाय त्याला दोषी अथवा निर्दोष ठरविणे अशक्य होते.

खडकातील किरणोत्सर्गी द्रव्यांवरून वय काढण्याची रीत तोवर आली होती. पण बेसाल्टवर तिचे आकडे फार विस्कळीत येत. काही नमुने ८ कोटी वर्षे दाखवीत, तर काही ३ कोटी. १९८६ साली कुर्तियो ह्या फ्रेंच भूभौतिकज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी खडकात थिजलेल्या चुंबकीय दिशांची सांगड ह्या वयांशी घातली आणि सांगितले, की ह्या पाषाणाचा बहुतांश भाग दहा लाखांच्या आसपास वर्षांतच, त्या युगसंधीच्या सुमारास, बाहेर पडला. ह्याच काळात, बिरबल साहनींचे पुतणे प्रा. अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी ह्यांना नागपूरच्या टाकळीसारख्या थरांत डायनोसॉरांच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे आढळले. म्हणजे काकांनी तृतीय कल्पातले म्हटलेले थर पुतण्याच्या हाताने क्रिटेशस युगात गेले. विद्येच्या क्षेत्रात ह्याला अवज्ञा म्हणत नाहीत; हेच तेथले श्राद्ध.

मग हिस्लॉप अगदीच चुकला काय? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस गोदामाईच्या काठाकाठाने निघाले पाहिजे. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर ती उगम पावते, काळ्या पाषाणाचा मुलूख ओलांडते आणि राजमहेंद्रीपाशी विस्तीर्ण पात्राने समुद्राकडे वळते. सिंहस्थात जशी त्र्यंबकी पर्वणी, तसाच गुरू सिंहेस आला असता राजमहेंद्रीस गोदावरीचा पुष्कर. शेवटची पर्वणी २०१५ साली झाली. नदीच्या दोन टोकांना जोडणारा एक धागा हा. दुसरा धागा मात्र भाविकांच्या सहसा ध्यानात येत नाही. दख्खनचा काळा पाषाण वाटेत संपतो, आणि शेकडो किलोमीटर गेल्यावर राजमहेंद्रीजवळ काटेरू, पांगिडी येथील खाणींत पुन्हा डोके वर काढतो. उगमाचा पाषाण नदीच्या मुखाशी पुन्हा भेटावा, असेच हे आहे. तेथे त्याचे दोन ठळक भाग दिसतात, खालचा आणि वरचा. आणि दोहोंच्या मधे काही मीटर जाडीचा सागरी व खाडीतला गाळ. नागपूरला जे तळ्यात साचले, ते येथे समुद्रकाठी साचले. ज्या साक्षीदाराची वाट पाहिली, तो येथेच भेटण्याचा संभव होता.

बंगळूरचे प्रा. एल. रामराव व त्यांचे सहकारी ह्यांनी १९३० नंतरच्या दशकातच राजमहेंद्रीच्या ह्या गाळातील सूक्ष्म जीवाश्मांकडे लक्ष वेधले होते. पण तेव्हा युगुबिनाची ओळख पटलेली नव्हती, आणि ती केसाच्या जाडीइतकी बारीक कवचे जाड चाळणीतून धुऊन जात. २००८ साली गेर्टा केलर, थिएरी आदात आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी तेथील खाणींतला गाळ बारीक चाळणीने चाळून प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात इटलीच्या डोंगरातली तीच चिमुकली युगुबिना आणि तिची सोबतीण मंडळी निघाली. गोदावरीकाठचा हा गाळ प्रलयानंतरच्या पहिल्या काही लाख वर्षांतला, हे त्यामुळे ठरले. हिस्लॉपने राजमहेंद्रीच्या शिंपल्यांवरून केलेला तर्क, निदान राजमहेंद्रीपुरता, खरा ठरला!

आता राजमहेंद्रीचे वय सह्याद्रीला कसे लावावे? त्यासाठी रसायनशास्त्र मदतीस आले. प्रत्येक मोठ्या लोटाच्या रसात मूलद्रव्यांचे प्रमाण थोडे निराळे असते; ते त्याचे गोत्र म्हणा. राजमहेंद्रीच्या लोटांचे गोत्र पाहता ते सह्याद्रीतील आंबेनळी घाट आणि महाबळेश्वर येथील लोटांशी जुळले. म्हणजे हा रस सुमारे एक हजार किलोमीटर वाहत समुद्रापर्यंत गेला असला पाहिजे. पृथ्वीवर ज्ञात असलेल्या लाव्ह्याच्या प्रवाहांत हे सर्वांत लांबचे मानले जातात. केलर ह्यांच्या मते युगसंधीची रेघ राजमहेंद्रीच्या खालच्या थराच्या माथ्याशीच येते. पुढे २०२० साली आर्गॉन पद्धतीने नव्याने वय काढणाऱ्यांनी, तेथे उघडे दिसणारे दोन्ही थर रेघेच्या नंतरचेच, असे दाखविले. रेघ सह्याद्रीत नेमकी कोणत्या पायरीवर येते, ह्याविषयीची घासाघीस अजून चालू आहे. परंतु मुख्य गोष्टीत मतभेद नाही. ती रेघ काळ्या पाषाणाच्या खालीही नाही आणि वरही नाही. ती त्याच्या पोटातून जाते.

ह्याचा अर्थ वाचकांनी क्षणभर थांबून मनात आणावा. इगतपुरी, कळसूबाई, त्र्यंबक ह्या भागातला पाषाण ह्या पायऱ्यांच्या खालच्या गटातला. तो थिजला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते. महाबळेश्वरच्या माथ्यावरील जांभ्याखालचा पाषाण वरच्या गटातला. तो थिजला तेव्हा ते लयास गेले होते. गोदावरीचा उगम प्रलयाच्या ह्या तीरावर, तर कृष्णेचा त्या तीरावर! आमच्या दोन महानद्या दोन युगांच्या पाषाणांतून निघतात.

आणि मग जुना वादही निराळा दिसू लागतो. ब्लॅनफर्ड आपल्या ठिकाणी खरे होते. हिस्लॉपही आपल्या ठिकाणी खरा होता. दोघांनी एका ग्रंथाची दोन निरनिराळी पाने वाचली आणि सारा ग्रंथ त्या पानाच्या काळचा मानला, इतकीच चूक. साहनींच्या निपा ताडाचे कोडेही काहीसे उलगडले. मोहगाव-कलां ज्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात झिलमिली येथे काळ्या थरांमधल्या गाळात तरंगत्या सागरी फोरॅमिनिफेरांची कवचे मिळाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. तीही प्रलयानंतरच्या आरंभकाळची. समुद्राचा एखादा फाटा त्या वेळी मध्य भारतात शिरला असावा, असे त्यावरून अनुमान निघते. खाडीतले झाड खाडीशिवाय आले नव्हते.

आतापर्यंत ह्या चिमुकल्या घरांचा उपयोग आपण पंचांगासारखा केला. पण ती उष्णतामापकही आहेत. पाण्यात जो ऑक्सिजन असतो, त्यात काही अणू नेहमीचे, तर काही किंचित जड असतात. पाणी उबदार असेल तर त्यात बांधलेल्या कवचात जड अणूंचे प्रमाण कमी पडते. थंड असेल तर वाढते. शिकागोचे हॅरल्ड यूरी ह्यांनी १९४७ साली हे तत्त्व मांडले आणि १९५५ साली चेझारे एमिलियानी ह्यांनी फोरॅमिनिफेरांच्या कवचांवरून गत हिमयुगांतील समुद्राच्या उष्णतेचा चढउतार रेखाटला. ध्रुवांवरील बर्फाच्या घटवाढीनेही हे प्रमाण बदलते, हे पुढे ध्यानात आल्याने हिशेबात दुरुस्ती करावी लागली. पण साधन खरे ठरले.

हे साधन युगसंधीला लावले तेव्हा काय दिसले? दक्षिण अटलांटिकच्या तळातून काढलेल्या गाळात, त्या रेघेच्या सुमारे तीन लाख वर्षे आधी, समुद्र अडीच ते चार अंशांनी तापल्याची खूण मिळते. आणि रेघ येण्यापूर्वी तो पुन्हा निवलाही. ह्या उबेचा संबंध पुष्कळ संशोधक आमच्या काळ्या पाषाणातून बाहेर पडलेल्या कर्बवायूशी लावतात. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने कृष्णा-गोदावरीच्या मुखाशी ज्या खोल विहिरी खणल्या, त्यांतील गाळावरून केलर ह्यांनी असेही प्रतिपादन केले, की लाव्ह्याचे महालोट तेथे पोहोचत असतानाच तरंगत्या जातींची संख्या झपाट्याने घसरत होती.

तेव्हा अपराधी कोण, अशनी की पाषाण? २०१० साली ४१ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन अशनीच्या बाजूने कौल दिला, आणि आजही बहुमत तिकडेच आहे. पण २०१९ साली दोन निरनिराळ्या पथकांनी काळ्या पाषाणाची वये पूर्वीपेक्षा अधिक बारकाव्याने काढली, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. एकाच्या मते एक मोठा लोट आघाताच्या अगदी आधी आला. दुसऱ्याच्या मते बहुतेक रस आघातानंतर वाहिला. न्यायासन अजून उठलेले नाही. अशनीचा घाव क्षणाचा, आणि पाषाणाचा ताप लाखो वर्षांचा. दोन्ही एकाच पृथ्वीच्या वाट्याला आले, एवढे मात्र निःसंशय.

ही विद्या केवळ गतयुगांसाठी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. गोमंतकात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत फोरॅमिनिफेरांवरून मोसमी पावसाच्या जुन्या इतिहासाचा शोध घेतला जातो. नैर्ऋत्येचा वारा जोरात वाहिला की अरबस्तानच्या किनाऱ्यापाशी खालचे थंड पाणी वर येते, आणि त्या पाण्यात ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ नावाची जात फोफावते. गाळाच्या ज्या थरात तिची कवचे अधिक, तो काळ जोरदार वाऱ्यांचा. जेथे उणी, तो मंद वाऱ्यांचा. खरगपूरचे अनिल गुप्ता आणि त्यांचे अमेरिकन सहकारी ह्यांनी ओमानजवळच्या गाळावरून २००३ साली असे दाखविले, की गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा गारठला, तेव्हा तेव्हा आपला मोसमी वारा मंदावला. पर्जन्यसूक्ते म्हणणाऱ्या, पावसासाठी देवाला कोंडून घालणाऱ्या ह्या देशाला ही नोंद परकी वाटू नये.

येथे एका मोहाविषयी दोन शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. आमच्या पुराणांत युगे, मन्वंतरे आणि कल्प ह्यांचे मोठमोठे आकडे आहेत. त्यांची मोट ह्या आकड्यांशी बांधून ‘हे आम्हांस आधीच ठाऊक होते’ असे म्हणण्याची हौस पुष्कळांस असते. आम्हांस ती प्रशस्त वाटत नाही. आमच्या पूर्वजांनी काळ हा माणसाच्या आयुष्याहून अपरिमित मोठा आहे, ही जाणीव दिली. ती थोडी थोडकी नव्हे. पण गोदावरीकाठच्या गाळाचे वय ध्यानाने निघाले नाही. ते चाळणीने निघाले. ज्याचे श्रेय त्याला द्यावे, यातच दोहोंचा मान आहे.

आणखी एक गोष्ट. राजमहेंद्रीचा तो गाळ आज आपणांस वाचता येतो, ह्याचे कारण तेथे रस्त्यांसाठी, बांधकामासाठी खडी काढणाऱ्या खाणी आहेत. खाणीनेच ते पान उघडले, आणि खाणच ते पान फाडीत पुढे सरकते. जुने देऊळ पडले तर गावाला हळहळ वाटते. शिलालेख फुटला तर इतिहासकार लेख लिहितात. काही मीटर चिखलाच्या थरासाठी कोण रडणार? परंतु काळ्या पाषाणाच्या हजारो फूट कोऱ्या ग्रंथात लिहिलेली पाने मोजकीच आहेत. त्यांतल्या एखाद्या पानाचे रक्षण व्हावे, निदान शाळकरी मुलांना ते दाखवून खूण करून ठेवावी, एवढी अपेक्षा वावगी नसावी.

पुढच्या वेळी वाचक काळ्या पाषाणाच्या गाभाऱ्यात उभे राहतील, तेव्हा मूर्तीपुढे हात जोडण्याआधी त्यांनी उंबऱ्यावर क्षणभर हात ठेवावा. मूर्तीची घडण शिल्पकाराची. पण तिचा पाषाण ज्या काळी थिजला, तो काळ आम्हांस सांगितला केसाच्या जाडीएवढ्या, नाव-गाव नसलेल्या, एका पेशीच्या जिवांनी. त्यांनी घरे बांधली, ती सोडून ते गेले, आणि त्या रिकाम्या घरांतच साऱ्या पृथ्वीची बखर राहिली.